बिनशिक्क्याच्या काट्यांस जाहीर पत्र

प्रति,
समस्त स्वयंनियुक्त वजनमापक मंडळी,
मुक्काम पोस्ट केम, तालुका करमाळा, जिल्हा सोलापूर

विषय : दुसऱ्याच्या अंगाचे वजन नुसत्या नजरेने करून त्याचा निकाल चारचौघांत जाहीर करण्याच्या प्रथेस कायदेशीर अधिष्ठान मिळण्याबाबत.

आदरणीय मंडळी,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय निदर्शनास आणून देण्यात येते की, दौंड–सोलापूर लोहमार्गावर जेऊर आणि कुर्डुवाडी यांच्या दरम्यान वसलेले केम हे गाव श्रीउत्तरेश्वराच्या देवस्थानासाठी आणि कुंकवाच्या उद्योगासाठी सर्वदूर परिचित असले, तरी तेथे तितक्याच निष्ठेने चालणाऱ्या दुसऱ्या एका उद्योगाची, म्हणजे येणाजाणाऱ्या माणसाला तोलण्याच्या उद्योगाची, यथायोग्य दखल आजवर घेतली गेलेली नाही. हा उद्योग एकट्या केमचा नव्हे, हे मान्यच आहे. करमाळ्याच्या बाजारापासून परदेशस्थ महाराष्ट्र मंडळांच्या गणेशोत्सवापर्यंत त्याच्या शाखा पसरलेल्या आहेत. परंतु ज्या गावात हळकुंडाचे कुंकू होते आणि ते किलोच्या हिशेबाने पोत्यांत व ग्रॅमच्या हिशेबाने पुड्यांत भरले जाते, त्या गावाला वजनाची शिस्त वेगळी शिकवावी लागू नये, या अपेक्षेने पत्त्याचा मान केमला देण्यात आला आहे.

ही शिस्त कोणती, ते प्रथम सांगणे इष्ट ठरेल. शेर, मण आणि तोळा यांच्या जागी किलोग्रॅम आणणारा कायदा भारतात १९५६ मध्ये झाला. सध्या वैधमापन शास्त्र अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०११ पासून अंमलात असून, वैधमापन म्हणजे ज्या मोजणीवर दोन पक्षांचा व्यवहार अवलंबून असतो त्या मोजणीचे सरकारी नियमन होय. या कायद्यान्वये व्यापारातील प्रत्येक वजन आणि प्रत्येक काटा निरीक्षकाकडून पडताळून त्यावर शिक्का उमटवून घ्यावा लागतो, लोखंडी वजनांची दर दोन वर्षांनी आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी फेरतपासणी करावी लागते, आणि बंद पुडीवर छापायचे निव्वळ वजन हे वेष्टन वगळून धरायचे असते. कुंकवाच्या पुडीवर पन्नास ग्रॅम लिहिले असेल तर वरचा कागद त्यात जमेस धरता येत नाही. मंडळींच्या पद्धतीत मात्र ऐन संक्रांतीच्या थंडीत काठपदराची साडी, त्यावर स्वेटर आणि त्यावर शाल अशा सर्व वेष्टनांसह बाईला तोलले जाते, आणि निघालेला आकडा मात्र निव्वळ म्हणून जाहीर होतो. ज्या नजरेने ही मोजणी होते त्या नजरेवर शेवटचा शिक्का केव्हा बसला, याची नोंद कोठेही आढळत नाही.

मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालणारे हळदीकुंकू, म्हणजे सुवासिनींनी एकमेकींना हळदकुंकू लावून तिळगूळ आणि वाण, अर्थात भेटीदाखल एखादी उपयोगी वस्तू, देण्याचा समारंभ, हे या तोलाईचे प्रमुख केंद्र होय. उंबरा ओलांडून आत आलेल्या बाईच्या कपाळाला बोट टेकते न टेकते तोच निकाल लागतो : "अगं बाई, केवढी सुटलीस!" किंवा "सासर मानवलेलं दिसतंय हं", किंवा "किती वाळलीस, खातबित नाहीस का काही?" ज्या तोंडाने "सुटलीस" हा निकाल दिला, त्याच तोंडाने पुढच्या क्षणी "एवढ्याशानं काय होतंय, घे गं" असा आग्रह होतो आणि तिळाचा दुसरा लाडू हातावर ठेवला जातो, या दोन विधानांत विसंगती आहे, असे मंडळींना आजवर कधी वाटलेले नाही. लग्नाला वर्ष उलटलेल्या मुलीचा निकाल बहुधा प्रश्नाच्या रूपाने, खालच्या आवाजात परंतु सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने, दिला जातो : "काय, गोड बातमी आहे का?" उत्तर नकारार्थी आले म्हणजे विचारणारीला काहीच वाटत नाही, ओशाळते ती उत्तर देणारी. पुरुषांची तोलाई पारावर, चहाच्या टपरीवर आणि गाडीच्या वेळेला स्टेशनवर चालते, आणि तेथे "पोट सुटलं की रे", "घरी जेवायला घालतात ना?" ही मापे प्रचलित आहेत. किडकिडीत, हडकुळा, रोडावलेला, खंगलेला, अंगाने भरलेला, गरगरीत, गलेलठ्ठ अशी एककांची कोष्टके या शास्त्रात विपुल असली, तरी "बरोबर" या अर्थाचे एकक त्यात नाही, त्यामुळे काट्यावर चढलेला माणूस एक तर कमी भरतो, नाही तर जास्त.

मंडळींच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी पुढे केला जातो, तो असा की हे सारे काळजीपोटी, समोरच्याच्या प्रकृतीसाठी, बोलले जाते. तेव्हा प्रकृतीचे शास्त्र काय म्हणते ते पाहणे क्रमप्राप्त आहे. वैद्यकात वजनाचा अंदाज घेण्यासाठी शरीरभार निर्देशांक वापरतात, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारी संख्या. हे सूत्र बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ आडोल्फ केटले यांनी एकोणिसाव्या शतकात मांडले ते लोकसमूहांची सरासरी अभ्यासण्यासाठी, एकेका माणसाचे निदान करण्यासाठी नव्हे, आणि त्याला आजचे इंग्रजी नाव अँसेल कीज यांनी १९७२ मध्ये दिले. हे सूत्रही किती तोकडे पडते, याचा प्रसिद्ध पुरावा पुण्यातलाच आहे. तेथील केईएम रुग्णालयातील (केम गावाशी या रुग्णालयाचा उच्चारापलीकडे संबंध नाही) मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात शेजारी शेजारी स्वतःची छायाचित्रे छापली. दोघांचा निर्देशांक तंतोतंत सारखा, २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाले. दिसायला सडपातळ पण आत चरबी बाळगणारी ही भारतीय ठेवण मधुमेहाला आमंत्रण देते, म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची सीमारेषा २५ ऐवजी २३ वर आणावी लागली. म्हणजे ज्याला मंडळी "काठीसारखा" म्हणून काळजीतून मुक्त करतात, त्याचीच रक्तशर्करा वाढलेली असण्याचा संभव राहतो. वजन, उंची आणि गणित हाताशी असतानाही जे तज्ज्ञांना कळत नाही, ते नुसते पाहून, कुंकवाचे बोट कपाळापर्यंत जाईतो कळते, हा दावा सिद्ध झाल्यास वैद्यकशास्त्राची मोठीच सोय होईल.

तथापि, मंडळींवर अन्याय होऊ नये म्हणून या प्रथेचा पूर्वेतिहासही नोंदवणे आवश्यक आहे. करमाळा हा पर्जन्यछायेतला, म्हणजे सह्याद्रीने पाऊस अडवल्यामुळे कोरडा राहणाऱ्या पट्ट्यातला तालुका आहे. १९७२ च्या दुष्काळात माणसे खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या कामांवर गेली, कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीवर दिवस काढू लागली. त्या काळात घरी परतलेल्या माणसाला "वाळलास रे" असे म्हणणे ही टीका नव्हती, तो भुकेचा पंचनामा होता आणि त्या वाक्यापाठोपाठ शक्य असेल तर भाकरीही येत होती. पुढे १९८० मध्ये भीमेवरचे उजनी धरण पूर्ण झाले, त्याचे पाणी फिरले त्या शिवारात ऊस आला, आणि आता राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) देशातील स्त्रियांपैकी २४ टक्के जादा वजनाच्या आणि १८.७ टक्के कमी वजनाच्या, अशी दोन्ही टोके एकाच काळात, पुष्कळदा एकाच आळीत, नांदतात. भाकरी मागे पडली आणि वाक्य तेवढे उरले. पुण्याहून सुट्टीवर आलेल्या मुलाला आईने "वाळलास" म्हणण्यास मात्र प्रस्तुत पत्राचा आक्षेप नाही, कारण तिच्या वाक्यापाठोपाठ भाकरी अजूनही येते. ही सवलत मावशी, आत्या, काकू आणि शेजारीण यांना आपोआप लागू होत नाही, याची नोंद घ्यावी.

काळजीचा युक्तिवाद खरा धरावा, तर आणखी एका गोष्टीचा उलगडा होत नाही. काळजी सर्वांची सारखी वाटायला हवी. परंतु तोलाईची दिशा पाहिली असता ती सदैव वरून खाली जाते. सासू सुनेला तोलते, सून सासूला तोलत नाही. जाऊबाईंत थोरली धाकटीला तोलते. वर्गात गुरुजी "ए ढोल्या" म्हणतात, पण गुरुजींच्या ढेरीचा उल्लेख झाल्याचे ऐकिवात नाही. तहसील कार्यालयात दाखला घ्यायला गेलेल्या एकाही मापकाने टेबलापलीकडच्या साहेबांना "साहेब, जरा सुटलात" असे प्रकृतीच्या काळजीने सांगितल्याचा दाखला उपलब्ध नाही, वास्तविक त्या खुर्चीला अशा काळजीची गरज अधिक असावी. यावरून असा निष्कर्ष काढणे भाग पडते की मोजले जाते ते वजन नसून, समोरचा माणूस उलट बोलू शकतो की नाही, हे होय.

जेथे समोरचा उलट बोलत नाही परंतु खेळून दाखवतो, तेथे या शास्त्राची फार पंचाईत होते. मुंबईचा फलंदाज सर्फराज खान रणजी करंडकात खोऱ्याने धावा काढत असूनही त्याच्या अंगकाठीची चर्चा होऊ लागली, तेव्हा जानेवारी २०२३ मध्ये सुनील गावसकर यांनी, सडपातळच मुले हवी असतील तर निवडकर्त्यांनी फॅशन शोला जावे, अशा आशयाचे खडे बोल सुनावले. फेब्रुवारी २०२४ मध्ये राजकोटला इंग्लंडविरुद्ध पदार्पणाच्या कसोटीत सर्फराजने दोन्ही डावांत अर्धशतके काढली. नागपुरात जन्मलेल्या आणि बोरिवलीत वाढलेल्या रोहित शर्माला मार्च २०२५ मध्ये एका राष्ट्रीय पक्षाच्या प्रवक्त्यांनी खेळाडूच्या मानाने लठ्ठ ठरवले, पक्षाने ते विधान त्यांना मागे घ्यायला लावले, आणि आठवडाभरात, ९ मार्च रोजी, दुबईतील चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात ७६ धावा काढून रोहित सामनावीर ठरला. अर्थात धावा निघाल्या नसत्या तर ते विधान योग्य ठरले असते, असा याचा अर्थ नव्हे. केमच्या सुनेला आपली बाजू मांडायला दुबईत अंतिम सामना मिळत नाही, एवढेच येथे सुचवायचे आहे.

वजन बोलून दाखवण्याच्या रास्त जागाही आहेत. कुस्तीत वजनगट असतात, आणि पॅरिसला २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये शंभर ग्रॅम जास्त भरल्याने कुस्तीगीर विनेश फोगट अपात्र ठरली, ते कितीही जिव्हारी लागले तरी तेथे काटा पडताळलेला होता, नियम आधी ठाऊक होता आणि ती स्वतः होऊन काट्यावर चढली होती. अंगणवाडी सेविका दरमहा मुलांना तोलते, आकडा वाढीच्या तक्त्यावर मांडते आणि मूल कमी भरले तर त्याच्या आईला सांगते, साऱ्या आळीला नव्हे. याच आळीत तान्ह्या बाळाला कोणी "गुटगुटीत" म्हटले तर दृष्ट लागेल म्हणून गालावर काजळाची तीट लावतात आणि मीठमोहरी ओवाळून टाकतात. म्हणजे दुसऱ्याच्या अंगाबद्दल काढलेला शब्द त्या अंगाला बाधतो, हे तत्त्व मंडळींना पूर्वापार मान्य आहे, केवळ बाळ दीड-दोन वर्षांचे झाल्यावर ते का लागू पडेनासे होते, याचा खुलासा अपेक्षित आहे.

शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील सौंदाळा ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये आयाबहिणींवरून शिव्या देण्यास बंदी करून पाचशे रुपये दंड ठरवला, त्यावरून तोंडावर नियमन आणणे ग्रामसभेच्या आवाक्यात आहे, हे दिसते. परंतु मंडळींचा उद्योग एकदम बंद पाडण्याचा प्रस्तुत पत्राचा इरादा नाही. ज्या मापकांना तो पुढे चालू ठेवावयाचा असेल, त्यांनी रथसप्तमीपूर्वी ग्रामपंचायत कार्यालयात अर्ज करावा. अर्जासोबत स्वतःच्या वजनाचा व कंबरेच्या मापाचा दाखला तीन साक्षांकित प्रतींत जोडावा, तो चावडीसमोर मोठ्याने वाचून दाखवण्यास लेखी संमती द्यावी, आणि वाचन सुरू असताना उपस्थितांनी दिलेला लाडू नाकारू नये. वेष्टनाचे वजन वजा करण्याची सवलत अर्जदारास मिळणार नाही.

कळावे.

एक ग्राहक
(निव्वळ वजन : विचारले गेल्यास)