काऊचं पुनर्वसन

लहानपणीच्या गोष्टींना रक्त फासायचा धंदा सध्या जोरात आहे. 2022 साली अमेरिकेत ‘विनी द पू’वरचा स्वामित्वहक्क संपला आणि पुढच्याच वर्षी त्या मधखाऊ अस्वलाला खुनी करणारा सिनेमा आला. क्रिस्तोफर रॉबिन कॉलेजला निघून गेला म्हणून उपाशी पू आणि पिगलेट आपल्याच दोस्त गाढवाला खातात! वर्षातला सर्वांत वाईट सिनेमा म्हणून त्याला रॅझी मिळाला. तरी दुसरा भाग आलाच.

एवढा खटाटोप कशाला? आमच्या सुरतेत चिऊ-काऊची गोष्ट ऑगस्ट 2006 मध्ये झाली, खऱ्या पाण्यात आणि खऱ्या मढ्यांसह.

बालवाडीत पाऊस नुसता पडतो. मोठ्यांच्या गोष्टीत तो सोडतात. वर, सुमारे 100 किलोमीटरवर, तापीवरचं उकाई धरण. तिथली भाषा चिऊचीच होती, असा आरोप झाला: थांब, जरा भरू दे. मग दारं उघडली ती एकदम, सुमारे 9 लाख क्युसेकनं. शेणाचं घर वाहून गेलं, ते रीतीप्रमाणेच. पण अडाजणच्या चिऊताईंचं मेणाचं घरही बुडालं. बाळाला न्हाऊ घालायला पाणीच पाणी, प्यायला थेंब नाही.

खरा भयपट पाणी ओसरल्यावर. गुन्हेगार कोण सापडला? काऊ! नदीकाठच्या झोपड्या हटवल्या आणि त्याला पार कोसाडला पक्कं घर दिलं. घर पक्कं, कामाला मात्र रोज शहर ओलांडायचं. आधी रिक्षाभाडं मोज, मग मजुरी.

आपला खानदेशी काऊ लिंबायतला. ताप्ती लाइननं उधन्याला उतरला आणि लूमवर बारा बारा तास उभा राहिला. त्याला तापी बुडवत नाही, मीठी खाडी बुडवते. या पुराला इथं खाडीपूर म्हणतात. 2025 च्या जूनमध्येही आला. गाद्या माळ्यावर, गॅसची टाकी खिडकीच्या गजाला दोरीनं बांधलेली, आणि रेशनचे तांदूळ आजीच्या मांडीवर. वेळ जावा म्हणून ती नातवाला गोष्ट सांगू लागते. नातू पहिल्याच वाक्याला अडवतो: काऊनं मेणाचं घर का नाही बांधलं?

आजी खाली तरंगणाऱ्या चपलांकडे बघते. ‘‘मेणना घरनं भाडं कितलं शे, तुले माहीत शे का?’’