शर्यतीत वेळेआधी दमण्याची शास्त्रोक्त पद्धत

ट्रायथलॉनमध्ये आधी पोहणं, मग सायकल आणि शेवटी पळणं असा क्रम असतो. दमलेला माणूस बुडू नये, एवढाच त्यामागचा व्यवहार. गोव्यात २०१९ साली मिरामारच्या किनाऱ्यावरून १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर पळणं अशी मोठी शर्यत सुरू झाली, आणि इकडे तळेगाव दाभाड्यात सकाळी तळ्यावर फिरायला येणाऱ्या सभ्य माणसांच्या मनगटांवर ठोके मोजणारी काळी घड्याळं दिसू लागली. त्यातलं एक माझं. नवोदितांसाठी माझा अनुभव विनामूल्य खुला करतो आहे. सूचना काटेकोर पाळल्या तर दमण्याची पूर्ण हमी.

सुरुवात गणिताने करावी. २२० मधून वय वजा केलं की हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा मिळते. मी पंचेचाळीसचा, म्हणजे १७५. २००१ साली दुसरं सूत्र आलं: वयाला ०.७ ने गुणा आणि २०८ मधून वजा करा. माझे झाले १७६.५. वरच्या अर्ध्या ठोक्याचं काय करायचं, ते सूत्रात नाही. दोन्ही सूत्रं म्हणजे पुष्कळ माणसांची सरासरी. एखाद्याची खरी मर्यादा दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज असते. हे वाचलंत, आता विसरा. जाणकार सांगतात की अर्धा तास एकट्याने जीव तोडून पळा आणि शेवटच्या वीस मिनिटांच्या ठोक्यांची सरासरी काढा. तो तुमचा उंबरठा, ठोक्यांचे टप्पे म्हणजे झोन त्यावरून ठरवा. सायकलची चाचणी वेगळी घ्या, कारण तिथे उंबरठा बहुधा पाच-दहा ठोके खालीच असतो. असलं काही करू नका. जीव तोडायचाच तर बघायला चार लोक नकोत का?

घड्याळ सैल बांधावं. सैल घड्याळातला हिरवा दिवा कधीकधी रक्त सोडून पावलंच मोजत बसतो. मिनिटाला १७० पावलं पडत असतील तर ठोकेही १७०. मी एकदा तो आकडा बघून तळ्याकाठच्या बाकावर बसकण मारली. शेजारच्या आजोबांनी काही न विचारता माझं मनगट हातात घेतलं, स्वतःच्या चावीच्या घड्याळाकडे बघत ओठ हलवले आणि म्हणाले, "एकशेबारा. चहा घ्या." छातीला पट्टा बांधला तर आकडा बरोबर येतो, पण मग चहा मिळत नाही.

आता सराव. यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे सावकाश जाणं. आठवड्यातला बराचसा व्यायाम दुसऱ्या झोनमध्ये, म्हणजे शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्या बेताने करायचा असतो. माझ्यासाठी तो आकडा होता १२८. जुन्या हायवेवर वडगाव मागे टाकलं की रस्ता मोकळा होतो, आणि तिथेच मी १२८ सांभाळत निघालो होतो. चष्मा, हेल्मेट, कोपरं टेकायची दांडी, सगळा सरंजाम अंगावर. कान्ह्याच्या अलीकडे मागून कुरकुर आली. काळी सायकल, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, पायात स्लीपर. दूधवाला शेजारी आला, माझ्या वेगाला वेग जुळवला आणि कळवळून म्हणाला, "काय सायेब, चेन उतरली का?"

इथे तुमची खरी परीक्षा आहे. चुकूनही "नाही हो, झोन दोन" म्हणू नका. उठा, उभ्याने पायडल मारा आणि कामशेतपर्यंत त्याला मागे ठेवा. माझे ठोके १६४ वर गेले. तो वाटेतच गावात वळला होता हे मला कामशेतला समजलं. पुढचे दोन दिवस जिना उतरताना मी कठड्याशी बोलत होतो.

पावसाळ्यात या रस्त्याने लोणावळ्याकडे निघालात तर वारा समोरून छातीवर येतो आणि परतताना तोच पाठीवर हात ठेवतो. त्यामुळे वेगाचा आकडा काही सांगत नाही. जाताना अठरा आणि येताना तीस, मेहनत तीच. म्हणून म्हणे ठोके बघावेत. तुम्ही वेगच बघा, आणि फोटो परतीच्या वाटेवरचा टाका.

खाण्यापिण्याच्या नियोजनात आमच्या गावाला जुनी परंपरा आहे. १७७८ च्या डिसेंबरात इंग्रजांची फौज याच बाजूने घाट चढून पुण्याकडे निघाली. बरोबर एकोणीस हजार बैल. आजच्या नवोदिताच्या सामानाला शोभेल असा लवाजमा. रखडत रखडत ९ जानेवारी १७७९ ला फौज तळेगावात पोचली, तर मराठ्यांनी गाव रिकामं करून पेटवून दिलेलं. वाटेत दाणा नाही, चारा नाही. दोन दिवसांनी रात्री त्यांनी जड तोफा तळ्यात ढकलल्या आणि माघारी वळले. चार-पाच किलोमीटरवर वडगावला घेरले गेले आणि तह करून सुटले. शर्यतीत तासाला किती खायचं हे आधी ठरवलं नाही, तर साठाव्या किलोमीटरला तुम्हालाही काहीतरी तळ्यात ढकलावंसं वाटेल. शक्यतो सायकल ढकलू नका, कर्जाचे हप्ते चालू असतात.

शर्यतीचा दिवस. किनाऱ्यावर नुसतं उभं असतानाच ठोके ११०, कारण रात्री झोप नाही आणि पहाटे दोन कप कॉफी. भोंगा वाजला की सगळ्यांच्या पुढे पाण्यात घुसा. पहिल्या दोनशे मीटरमध्ये कुणाची तरी टाच नाकावर बसते, श्वास तुटतो, छाती आवळते. पोहताना घड्याळ बघता येत नाही, ही देवाचीच योजना. तज्ज्ञ म्हणतात, कडेने सुरू करा, पाण्यात श्वास पूर्ण सोडा, घाबरलात तर उताणे व्हा. मी नाइलाजाने हे तिन्ही केलं आणि त्या दिवसातली माझी तेवढीच कामगिरी सांगण्यासारखी आहे.

सायकलवर बसताच ठोके उतरायची वाट बघायची असते, निदान पहिली दहा-पंधरा मिनिटं. मी बघितली नाही. पोहण्यात पुढे गेलेली माणसं मोजून परत मिळवायची होती. चाळीस जणांना मागे टाकलं. प्रत्येकाला "चला, चला" असं वडीलधाऱ्या सुरात म्हटलं.

पळताना ते चाळीसही परत आले, आणि त्यांना माझा चेहरा लक्षात होता. गोव्याचा दमट उकाडा काय करतो ते तेव्हा कळलं. घाम जातो, रक्तातलं पाणी घटतं, शरीर उरलेलं रक्त कातडी थंड करायला पाठवतं. एका ठोक्यात कमी रक्त निघतं, म्हणून हृदय ठोके वाढवत राहतं. वेग तोच, पण १४८ चे १५५, मग १६३. तळेगावच्या थंडीत केलेल्या सरावाचा आकडा इथे चालत नाही. वेग कमी करावा, डोक्यावर बर्फ ठेवावा, प्रत्येक टेबलावर पाणी घ्यावं. मी दोन टेबलं सोडली, वेळ वाचवायला.

सतराव्या किलोमीटरला पाय आपोआप थांबले. मग चालू लागलो. शेजारी तसेच एक गृहस्थ चालत होते, सांगलीचे निघाले. त्यांनी हळदीचा भाव सांगितला, मी इंद्रायणी तांदळाचा. बोलता बोलता सवयीने घड्याळाकडे पाहिलं. १२८.