पिंपातली बिअर आणि अर्धवट बंदूक

लँकेस्टर हा पेन्सिल्व्हेनियातला परगणा बाहेरच्या जगाला माहीत आहे तो घोडागाडीतून फिरणाऱ्या आमिश शेतकऱ्यांमुळे. मला तो माहीत आहे शेजारच्या गराजमुळे. गराज म्हणजे मोटार ठेवायची खोली, अशी कऱ्हाड सोडताना माझी समजूत होती. इथे मोटार बाहेर बर्फात उभी असते आणि आत पुरुष असतात. शेजारचे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर यंत्रशाळेत लोखंडाशी खेळलेले आणि मोजून बोलणारे आहेत. मनातल्या मनात मी त्यांना वस्ताद म्हणतो, कारण त्यांच्या हाताखाली मी सध्या दोन विद्या शिकतोय. एक बिअर चाखण्याची आणि दुसरी ठासणीची रायफल बांधण्याची.

दोन्ही एका दिवशी नाहीत. गुरुवारी बंदूक, शनिवारी बिअर. कानस हातात घेतली त्या दिवशी फ्रीजच्या दाराकडे बघायचंसुद्धा नाही. तयार बंदुका कपाटात कुलूपबंद, आणि किल्ली वस्तादांच्या बायकोकडे. या नियमाला आजवर अपवाद झालेला नाही, म्हणूनच आम्हा दोघांची मिळून वीसच्या वीस बोटं शाबूत आहेत.

आमच्या हिला यातलं काहीच पटत नाही. “कऱ्हाडात भिंतीला खिळा ठोकायचा तरी सुतार बोलवायचा,” असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवते. कऱ्हाडचं नाव निघालं की मी गप्प बसतो. कारण हेच दोन छंद मी तिथे सुरू केले असते, तर आठवड्याच्या आत पोलीस दारात आले असते, आणि कुठल्या कायद्याखाली न्यायचं याची पंचाईत त्यांनाच पडली असती. १९५९ चा शस्त्र कायदा विनापरवाना बंदूक करू देत नाही आणि १९४९ चा दारूबंदी कायदा घरी बिअर गाळू देत नाही. बिअर गाळत नाहीत, उकळून आंबवतात. पण हे हवालदाराला सांगणार कोण? महाराष्ट्रात नुसती प्यायलासुद्धा परवाना लागतो. तो न काढता मंडळी जिथे बसतात, त्या जागेलाच परमिट रूम म्हणतात.

अमेरिकेतला कायदा याहून गमतीचा आहे. १९६८ च्या केंद्रीय बंदूक कायद्यानं चकमकीच्या, तोंडातून भरायच्या बंदुकांना पुराणवस्तूंच्या रांगेत बसवलंय. मग ती कालपरवा केलेली नक्कल का असेना. राज्याराज्यात नियम वेगळे आहेत, पण आमच्याकडे माझ्या रायफलीची नळी, चाप आणि चकमकीचा खटका कुरिअरच्या खोक्यातून घरी आला. खोकं हिनंच सही करून घेतलं, पडद्याचे रॉड आलेत असं समजून. बिअर पोस्टानं पाठवायला मात्र सक्त मनाई.

घरच्या बिअरला मोकळीक मिळाली तीही उशिराच. अमेरिकेतली दारूबंदी १९३३ मध्ये उठली. घरी वाइन करायची मुभा मिळाली, बिअरची राहून गेली, आणि ती राहून गेली ती थेट १९७८ पर्यंत. त्या वर्षी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी तर २०१३ पर्यंत दम काढला. केंद्राचा कायदा म्हणतो, घरात एकच प्रौढ माणूस असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००. म्हणजे जवळजवळ ७५७ लिटर. आमची ही बिअरच्या थेंबाला शिवत नाही. पण कायद्याच्या लेखी ती प्रौढ आहे, त्यामुळे तिच्या वाट्याचे १०० गॅलन आपोआप माझ्या पदरात पडतात. लग्नाचा हा लाभ कुठल्याही मंगलाष्टकात सांगितलेला नाही. मीही तिला अजून सांगितलेला नाही.

शनिवारचं प्रकरण आधी सांगतो, कारण ते लवकर संपतं.

बिअर चाखणं म्हणजे पिणं नव्हे, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा थोडं वाईटच वाटलं. पेला तिरका धरायचा, उजेडात बघायचा, नाक खुपसायचं, एक घोट तोंडात फिरवायचा आणि मग पेन उचलायचं. होय, पेन. परीक्षकांना प्रमाणपत्र देणारी एक संस्था १९८५ पासून इथे आहे आणि तिची ५० गुणांची गुणपत्रिका आहे. वासाला १२, चवीला २०, जिभेवरच्या स्पर्शाला ५, एकूण ठशाला १०, आणि रूपाला फक्त ३. मुलगी बघायला जाणाऱ्या आमच्या समस्त मावश्यांना ही पत्रिका दाखवावी असं मला फार वाटतं. तेरा किंवा त्याहून कमी गुण पडले तर नापास म्हणत नाहीत, ‘प्रॉब्लेमॅटिक’ म्हणतात. ४५ किंवा त्याहून जास्त म्हणजे ‘आउटस्टँडिंग’. वस्तादांनी ३८ च्या वर गुण दिलेले मी पाहिलेले नाहीत. निबंधाला पैकीच्या पैकी द्यायचेच नसतात, या तत्त्वावर वाढलेल्या मला हे ताबडतोब पटलं.

अडचण येते ती वर्णनाची. गोऱ्या माणसाचं नाक वेगळ्या स्वयंपाकघरात वाढलेलं असतं. डायअसिटिल नावाचं द्रव्य बिअरमध्ये राहिलं की लोण्याचा वास येतो. बहुतेक प्रकारांत तो दोष, गुण कापायचे. मला तिथे लोणी कढवल्याचा वास येतो आणि दोन गुण वाढवावेसे वाटतात. डायमिथिल सल्फाइडनं उकडलेल्या मक्याचा वास येतो, तोही दोष. महाबळेश्वरच्या वाटेवर भर पावसात ज्यानं कणीस खाल्लंय त्यानं याला दोष कसं म्हणावं? ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअरला हवा लागली. इथे मात्र आमचं एकमत होतं, कारण कऱ्हाडच्या आषाढात सगळ्या घरालाच तो वास असायचा.

जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर आली त्या शनिवारी माझा भाव वधारला. तिच्या यीस्टमुळे केळं आणि लवंग असे दोन वास निर्माण होतात, आणि ते हवेच असतात. वस्ताद डोळे मिटून बराच वेळ हुंगत होते. मी एका श्वासात निकाल दिला, “सत्यनारायणाचा प्रसाद.” गहू, केळं, लवंग, फक्त तूप आणि पोथी नाही. सत्यनारायण कोण हे समजावून सांगण्यात तासभर गेला, साधुवाण्याच्या नौकेपर्यंत आलो तोवर बिअर कोमट झाली. पण वस्तादांनी शेऱ्याच्या रकान्यात तो शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून घेतला. बेल्जियन आंबट बिअरला घोड्याच्या घोंगडीचा वास येतो, आणि तो चक्क कौतुकानं नोंदवतात. याबाबतीत मी वस्तादांना शरण जातो. रस्त्यानं दिवसभर घोडागाड्या जाणाऱ्या गावात राहून त्यांच्या नाकाला तो अधिकार आलेला आहे.

चाखताना खायला काय? पाणी आणि कोरडा पाव. लक्ष्मीनारायण चिवड्यावर पहिल्याच शनिवारी बंदी आली. तिखटानं जीभ बधिर होते असं वस्तादांचं मत, आणि बिअरला कडूपणा देणाऱ्या हॉप्सनं तिखट आणखी झोंबतं हा माझा अनुभव. आता चिवडा गुणपत्रिका भरून झाल्यावर निघतो. तेव्हा वस्तादच तो जास्त खातात.

आणि इंडिया पेल एल. क्राफ्ट बिअरच्या दुकानात निम्मी फळी या एका प्रकारानं भरलेली असते, आणि नावात इंडिया असल्यामुळे चाखणीला आलेली सगळी माणसं माझ्याकडे बघतात, जणू कृती माझ्या आजोबांची आहे. आजोबा आयुष्यात ताकाच्या पुढे गेले नाहीत. अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या हॉजसन नावाच्या बिअरवाल्यानं भरपूर हॉप्स घातलेली बिअर जहाजांवर चढवून हिंदुस्थानातल्या साहेबांना पाठवायला सुरुवात केली. पुढे बर्टन गावच्या बिअरवाल्यांनी तो धंदा ओढून घेतला. हॉप्समुळे लांबच्या प्रवासात ती टिकायची. ती पिणारे साहेब, विकणारे साहेब, नफा साहेबांचा, आणि नाव तेवढं आमचं. त्यात अमेरिकेनं कॅस्केड नावाचं संत्र्या-पपनसाच्या वासाचं हॉप्स घालून ती अशी काही कडू करून ठेवलीय, की मला लहानपणीचा किराईताचा काढा आठवतो. माझ्या मते या प्रकाराचं प्रमाणाबाहेर कौतुक झालेलं आहे. आमच्याच राज्यातले, पॉट्सव्हिलचे युएंगलिंग १८२९ पासून बिअर करताहेत, दारूबंदीच्या काळात आइस्क्रीम विकून त्यांनी दिवस काढले. त्यांची साधी लागर पुढे आली की मी पेन खाली ठेवतो.

आता गुरुवार.

आम्ही बांधतो ती रायफल जगात केंटकी रायफल म्हणून ओळखली जाते. वस्तादांपुढे हा शब्द काढायचा नाही. ती जन्मली इथे, लँकेस्टरच्या आसपास, अठराव्या शतकात जर्मनीकडून आलेल्या कारागिरांच्या हातून. लोक ती घेऊन केंटकीत गेले आणि नाव त्या रानाचं झालं. वहाणा अथणीच्या आणि नाव कोल्हापूरचं, असा प्रकार. (कोल्हापूरकरांनी माझ्या पत्त्याची चौकशी करू नये.) नळी अष्टकोनी, चाळीस इंचांहून लांब. आत पीळ कोरलेले, म्हणून शिशाची गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. दस्ता मेपलच्या अशा लाकडाचा, ज्यात आडवे पट्टे लाटांसारखे उमटतात. दस्त्यात झाकणाची पितळी डबी, गोळीला गुंडाळायच्या चिंध्या ठेवायला. हत्यार म्हणून मला तिचं आकर्षण नाही, पण सुतारकाम, लोहारकाम आणि नक्षीकाम एकाच वस्तूत इतकं मुरलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

ईशान्येला नाझारेथजवळ ख्रिश्चन्स स्प्रिंग नावाची मोरावियन पंथाची वस्ती होती. तिथे अविवाहित पुरुष एकत्र राहायचे आणि १७५०-६० च्या सुमारास त्यांची बंदुकांची नामांकित कार्यशाळा होती. नुसते अविवाहित पुरुष, एक कार्यशाळा आणि घरी बोलावणारं कुणी नाही! वस्तादांना ही जागा तीर्थक्षेत्राच्या योग्यतेची वाटते. तिथे बिअर असणारच, हे त्यांचं अनुमान.

या विद्येतला खरा कैफ काजळीत आहे. लोखंडी खटका लाकडात असा बसला पाहिजे की मध्ये कागद जाऊ नये. त्यासाठी लोखंडाला दिव्याची काजळी फासायची, जागेवर दाबायचं, अलगद उचलायचं. लाकडावर जिथे काळा ठिपका उमटला तिथे अडतंय. तेवढाच ठिपका पटाशीनं तासायचा, कांद्याच्या पापुद्र्याइतका. पुन्हा काजळी, पुन्हा दाब, पुन्हा ठिपका. जास्त तासलं तर फट पडते, आणि लाकूड परत चिकटवता येत नाही. वस्ताद रॉकेलच्या चिमणीची काजळी वापरतात. मी देव्हाऱ्यातलं जादा निरांजन नेलं आणि आई काजळ धरायची तशी वर तांब्याची वाटी उपडी धरली. ती काजळी इतकी मऊ निघाली की वस्तादांनी चिमणी माळ्यावर टाकली. निरांजन गेल्याचं हिच्या लक्षात आलं नवरात्रात. त्या प्रसंगाचं वर्णन मी करत नाही.

एका गुरुवारात खटका केसाच्या अंतरानं खाली जातो. संध्याकाळी दिवा मालवताना काय काम झालं हे तिसऱ्या माणसाला दिसत नाही. पुढे लाकूड रंगवायचं असतं. लोखंड विरघळवलेलं आम्ल लावून ऊब दिली की हिरवट पडलेला मेपल एकाएकी तांबूस होतो आणि पट्टे वर येतात. वस्तादांच्या एका बंदुकीवर ते मी पाहिलं आणि तोंडातून शब्द फुटेना. माझ्या बंदुकीवर ते मला इतक्यात नको आहे.

का नको, हे बिअरकडे बघून कळतं. बिअर तुमच्यासाठी थांबत नाही. यीस्ट टाकलं की पंधरा दिवसांत ते साखर संपवतं, बाटल्या भरल्या की आणखी दोनेक आठवड्यांत फेस धरतो, आणि मग ती प्यावीच लागते. तिथे हौस करणारं यीस्ट, तुम्ही नुसते भांडी घासणारे. खरोखर, घरच्या बिअरमध्ये बहुतेक वेळ धुण्यात जातो. हे कॉलेजातल्या पोरांना आधी सांगितलं तर निम्मे मागे फिरतील. बंदूक मात्र तुमच्या हुकमाशिवाय एक तसूभर पुढे सरकत नाही.

वस्तादांच्या भिंतीवर पुऱ्या झालेल्या बंदुका नाहीत, त्या कपाटात असतात. भिंतीवर असतात अर्धवट दस्ते. नाताळनंतर पेन्सिल्व्हेनियात हरणांच्या शिकारीचा एक हंगाम असतो आणि त्यात चकमकीचीच बंदूक चालते. वस्ताद दर वर्षी जातात. थंडीत बंदुकीची दारू सर्द होते, चाप ओढला की ‘खट्’ आवाज होतो, कानावरची दारू फुस्स करून पेटते आणि नळीतली तशीच राहते. हरीण मान वळवून बघतं आणि चालायला लागतं. वस्ताद खुशीत परत येतात, कारण आता खटका पुन्हा उघडून दुरुस्त करायला निमित्त मिळालेलं असतं.

तेव्हा पुण्या-मुंबईकडून कुणी न्यूयॉर्क-वॉशिंग्टन बघायला येणार असाल तर वाट थोडी वाकडी करून आमच्याकडे जरूर या. शनिवार धरून या. चिवडा आणा, भाजणीची चकली आणा, जमलं तर एक निरांजनही आणा. पेला पुढे आला की मनात येईल त्या वासाचं नाव बेधडक घ्या, वस्ताद लिहून घेतील. फक्त एक विनंती आहे. “रायफल कधी पुरी होणार?” हा प्रश्न हिच्यासमोर विचारू नका.