पिटुनियाला दिवाणखाना मानवत नाही

फुलझाडांचं बी घरात रुजत घालण्याची जी टूम सध्या आपल्या शहरांत आली आहे, ती मुळात थंड मुलखातली. न्यू जर्सीत किंवा टोरंटोत राहणाऱ्या माणसाला मार्चमध्ये अंगणात झेंडू पेरता येत नाही. एप्रिल संपेपर्यंत, कधी मे निम्मा होईपर्यंत, एखाद्या रात्री दव गोठतं आणि कोवळं रोप सकाळी काळं पडलेलं दिसतं. म्हणून तो बिचारा घरात दिव्याखाली रोपं करतो. हा त्याचा नाइलाज. तो आपण पुण्या-ठाण्यात हौस म्हणून आणला, आणि आणला तो पाकिटामागच्या सूचनेसकट: दव गोठण्याच्या शेवटच्या रात्रीआधी सहा ते आठ आठवडे घरात पेरावे. आता ठाण्यात ही रात्र कधी येते, हे पंचांगकर्त्यालाही सांगता येणार नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या हिवाळ्यात दवबिंदू गोठतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोसकट बातमी येते; आपला या प्रकरणाशी संबंध एवढाच. तरीही ट्रे टीव्हीशेजारी मांडले जातात. बियांना खालून ऊब द्यायला विजेवर तापणारी चटई मिळते, तीही मागवली जाते. बाहेर ऑक्टोबरचा उकाडा, खाली तापलेली चटई आणि वर पाचवर फिरणारा पंखा, अशा त्रिवेणी संगमात त्या बीने कोणता ऋतू समजायचा?

माझं म्हणणं असं, की घर हे बी रुजायला चांगलं आणि रोप वाढायला वाईट. ही दोन कामं वेगळी आहेत, आणि आपली सगळी फसगत ती एकच मानण्यातून होते. रुजण्यासाठी बीला ओल, ऊब आणि हवा लागते. शिदोरी तिची तिच्याजवळ असते. म्हणून तर ज्यात पोषण जवळजवळ नाहीच, त्या कोकोपीटमध्येही ती आनंदाने फुटते. झेंडू किंवा झिनिया स्वयंपाकघरात फ्रिजवर ठेवली तरी पाच-सहा दिवसांत डोकं वर काढते. उजेडाची गरज बहुतेकांना तेव्हा नसते. पँझीला तर अंधारच आवडतो. पिटुनिया मात्र उजेड मागते, आणि त्याला कारण आहे. तिच्या एका ग्रॅममध्ये सुमारे १०,००० बिया मावतात. बी तिच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल पेरावी, हा सर्वसाधारण नियम हिला लावायचा तर मोजपट्टी सोनाराकडून आणावी लागेल. एवढ्याशा बीत मातीचा थर फोडून वर येण्याइतकी शिदोरी नसते, म्हणून तिला नुसतं पृष्ठभागावर टेकवायचं. सूचना वाचायला चष्मा, बी बघायला भिंग, आणि मधेच शिंक आली तर हंगाम गेला. एवढ्यापुरतं घर हवंच, कारण निदान पंखा बंद करता येतो. पण अंकुर दिसला, की त्याच दिवशी ट्रे गॅलरीत गेला पाहिजे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: 'आमच्या हॉलमध्ये भरपूर उजेड येतो हो!' येत असेल, पण तो तुमच्या डोळ्यांसाठी. भर दुपारचं ऊन साधारण एक लाख लक्सचं असतं आणि रात्री दिवे लावून लख्ख केलेला दिवाणखाना दोन-तीनशे लक्सचा. आपला डोळा ही तफावत इतक्या सहज गिळतो, की दोन्हीकडे आपण पेपर वाचतो आणि उजेडाला नावं ठेवत नाही. रोपाला ही सवलत नाही. त्याला वाटतं आपण अजून मातीखाली आहोत किंवा कुणाच्या तरी सावलीत आहोत, आणि ते सुटकेसाठी उंच होत जातं. पाहुणे म्हणतात, काय छान वाढलंय! खरं तर ते पळ काढत असतं. याचा पुरावा मराठी माणसाने बाहेर शोधायला नको, तो दरवर्षी घटस्थापनेला देवघरात उभा राहतो. परडीतल्या काळ्या मातीवर पेरलेलं धान्य अंधाऱ्या कोपऱ्यात नऊ दिवसांत वीतभर होतं, पिवळंधमक आणि लवलवतं. देवीसाठी ते उत्तमच, तिथे कुणाला त्या गव्हाची पोळी करायची नसते. रोपाचं टोक उजेडाचा माग काढतं, हे चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या अंकुरांवर दाखवलं आणि १८८०च्या पुस्तकात मांडलं. टोकावर टोपी घातलेला अंकुर उजेडाकडे वळेना, उघडा वळला. डार्विनने अंकुराला टोपी घातली; आपण दसऱ्याला टोपीत अंकुर खोवतो. निरीक्षणाचं साहित्य दोघांकडे सारखंच होतं.

वाढदिवे लावले तर? लागू पडतात, खोटं कशाला बोला. रोपांच्या अगदी जवळ, रोज चौदा-सोळा तास लावले तर रोपं ठेंगणी आणि दणकट होतात. पण बाहेर तेच काम फुकट चालू असताना त्याचं वीजबिल भरणं मला समजत नाही. शिवाय ते जांभळे-गुलाबी दिवे खिडकीत रात्री दहापर्यंत जळू लागले, की समोरच्या इमारतीत आपल्या उत्पन्नाच्या साधनांबद्दल चर्चा सुरू होते. आमच्या गॅलरीत ऊनच नाही, असं कुणी म्हणेल. मग रोपाला जे नाही ते फुलाला कुठून येणार? दिव्याखाली वाढवलेली झिनिया तिथे नेऊन ठेवली, तर पानंच मिळतील. अशांनी पानांचीच झाडं लावावीत आणि सुखी व्हावं.

उजेडाखालोखाल घरात रोपाला बाधतं ते कौतुक. ट्रे नजरेसमोर असला, की येताजाता प्रत्येकजण त्यावर फवारा मारतो. आजी सकाळी मारते, सून दुपारी मारते आणि नातू तर पिचकारी समजून दिवसभर मारतो. माती कायम चिंब, हवा कोंडलेली, अशा ठिकाणी पिथियमसारख्या बुरशीवजा जिवांचं फावतं. देठ मातीलगत सडतो आणि काल ताठ उभी असलेली रोपं आज ओळीने आडवी. रोपवाटिकेतली माणसं एका शब्दात सांगतात, मर लागली. वाहता वारा मातीचा वरचा थर सुकवतो आणि शिवाय देठाला हलवून हलवून जाड करतो. हे दुसरं काम घरातही करता येतं: रोपांच्या शेंड्यांवरून रोज हलका हात फिरवला, की ती कमी उंच आणि जास्त भक्कम होतात. पण त्यासाठी माणूस नेमण्यापेक्षा गॅलरी स्वस्त.

पावसाचा आक्षेप मात्र खरा आहे. हिवाळी फुलांचं बी सप्टेंबरात पेरायचं, आणि परतीचा पाऊस पिटुनियाला विचारून पडत नाही. पण त्याला उपाय छपराचा आहे, खोलीचा नाही. बॉक्स ग्रिलवर पारदर्शक पत्रा असेल तर काम झालं. 'नर्सरीत तयार रोप मिळतं की!' हा आक्षेप याहून भारी, आणि हिशेबाने तोच जिंकतो. बी, ट्रे, आणि फुगून बादल्याच्या बादल्या भरणारी कोकोपीटची वीट यांची बेरीज केली, की घरचं पहिलं फूल बाजारच्या हारापेक्षा महाग पडतं. पण नर्सरीवाला खपतं तेच ठेवतो, आणि पिशवीत आधीच फुललेलं रोप विकतो, कारण गिऱ्हाईक रंग बघून पैसे काढतं; तोवर त्या रोपाची मुळं पिशवीत गोल फिरून दमलेली असतात. खसखशीच्या जातीची फुलझाडं आणि लार्कस्पर यांना तर मुळं हलवलेलीच खपत नाहीत, ती कुंडीतच पेरावी लागतात.

राहिली कबुतरं. ग्रिलमध्ये ठेवलेला ओल्या कोकोपीटचा ट्रे त्यांना आपल्यासाठीच अंथरलेला वाटतो, आणि त्यांच्याशी आजवर कुणाचा युक्तिवाद चाललेला नाही. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधा, आणि तोही हललाच तर उरलेलं अर्धं बी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडून त्यात पेरा. पुडी एकदम संपवायला कुणी सांगितलं होतं?