कालवाला बाबल

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे खाडीकाठी लावलेल्या कयाकींच्या रांगेपाशी तो उभा असतो. नाव बाबल, बाबी, पांडू, काहीही. हाफ पँट, गळ्यात शिट्टी, उन्हाने विटलेली टोपी. लाइफ जॅकेटचे पट्टे तो असे आवळतो की पाहुण्याची सकाळची घावणी घशाशी येतात. मग पाण्याकडे बघून सुस्कारा सोडतो, "तुमी काल येवक व्हया होतास."

बाबलच्या खाडीत जे काही घडतं ते काल. मुखाशी डॉल्फिन आले ते काल. पाणमांजरांचं अख्खं बिऱ्हाड दिसलं ते काल. समुद्रगरुडाने बोय उचलला तोही काल, आणि तोही ह्याच कयाकीच्या नाकासमोर! आज मात्र वारा फिरलेला असतो, नाहीतर भांगाची भरती असते, नाहीतर कोणीतरी सकाळीच जेट स्की पिटाळून खाडी ढवळलेली असते. यातलं एकही कारण खोटं नसतं, हीच पंचाईत. भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. भरतीबरोबर मासा आत शिरतो आणि माशामागे बाकीची मंडळी. पाहुण्याचं बुकिंग मात्र रोज आठचंच. अशा माणसाशी वाद काय घालणार?

पण घेतलेल्या पैशांचं काहीतरी दाखवलं पाहिजे, याची त्याला जाण असते. कांदळवनात शिरलं की तो तिवराचं पान तोडून पाहुण्याच्या हातात देतो, "चाटून बघा." एरवी बिसलेरीशिवाय घोट न घेणारे साहेब मुकाट्याने पान चाटतात आणि "खारट!" म्हणून ओरडतात. तिवर अंगातलं जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतो, हे तो मग सावकाश सांगतो. पांढऱ्या चिप्पीला २०२० साली महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष ठरवलं, ही बातमी तो सख्ख्या चुलत्याला पद्मश्री मिळाल्याच्या थाटात देतो. ओहोटी असली तर चिखलावर निवटी दाखवतो. डोळे डोक्यावर, कल्ल्यांत पाणी साठवलेलं, पुढच्या परांवर कोपर टेकत चालणारा मासा. निवटी आजची असते, पण तिचं बाबलला विशेष काही वाटत नाही.

त्याचा हुकमी एक्का म्हणजे काठावरचा एक खडक. तिथे तो कयाक भिडवतो आणि वल्ह्याच्या टोकाने पाणमांजराची विष्ठा दाखवतो. माशाचे खवले, कुर्लीच्या कवचाचे तुकडे आणि नाकाला रुमाल लावायला लावणारा वास. "कालची आसा," तो म्हणतो. पुराव्यानिशी! मग पुण्या-मुंबईची सुशिक्षित कुटुंबं त्या ऐवजाचे आळीपाळीने फोटो काढतात.

आमच्या फेरीत मात्र विपरीत घडलं. परतताना कांदळाच्या मुळांजवळ पाणी हललं आणि दोन चपटी, मिशाळ डोकी वर आली. बाबलने वल्हं मांडीवर आडवं धरलं. शिट्टी शर्टाच्या आत टाकली. एका पाणमांजराने मासा दोन्ही पंजांत धरून डोक्याकडून कराकरा चावायला घेतला, तो आवाज आम्हाला स्वच्छ ऐकू येत होता. ही खाडी रोज पालथी घालणारा हा माणूस तोंड उघडं टाकून बघत होता. आता तरी हा आजचं कौतुक करील, असं वाटलं. मासा संपला, डोकी बुडाली. बाबल भानावर आला.

"काल पाच होती," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काठावरच्या टपरीवर चहा घेत होतो. बाबल कोल्हापूरच्या एका कुटुंबाचे पट्टे आवळत होता. आम्हाला बघताच त्याचा चेहरा उजळला.

"ह्येंका विचारा! काल ह्येंका पाच दिसली. होय की नाय, भाऊ?"

सगळं कोल्हापूर माझ्याकडे बघू लागलं. मी कप खाली ठेवला.

"सहा," मी म्हटलं.