बाराव्या हिश्श्याचे घरमालक

नागपूरचा माणूस निवृत्त झाला की प्लॉट बघायला निघतो. वर्धा रोडला, नाहीतर उमरेड रोडला. काही मोजके मात्र प्लॉटच्या भानगडीत न पडता थेट बांधकामालाच लागतात, तेही मागच्या खोलीतल्या टेबलावर. अंगठ्यावर वाळलेलं फेविकॉल, गळ्यात भिंग आणि तोंडात 'एकास बारा', म्हणजे एक फुटाला एक इंच. धरमपेठ, लक्ष्मीनगर, प्रतापनगर, कुठेही सापडतात. आपण यांना भाऊसाहेब म्हणू. लहानपणी बहिणीची भातुकली लाथेने उडवून पळालेला मुलगा तो हाच.

भाऊसाहेबांकडे गेलात तर चहाच्या आधी घर बघावं लागतं. दोन मजले, पुढे ओसरी, मागे मोरी, वर गच्ची. "हात नका लावू हो, जिना अजून वाळून राहिला," हे पहिलं वाक्य. दुसरं वाक्य राणी मेरीबद्दल. ज्या लुटियन्सने नवी दिल्ली आखली, त्यानेच १९२१ ते १९२४ या काळात तिच्यासाठी एकास बारा मापाचं घर बांधलं. ते आज विंडसरला आहे. त्यात लिफ्ट चालते, दिवे लागतात, नळाला पाणी येतं, आणि तिथल्या चिमुकल्या ग्रंथालयासाठी कॉनन डॉइलने होम्सची एक गोष्ट खास लिहून दिली. हे सगळं भाऊसाहेब अशा सुरात सांगतात, की लुटियन्स यांच्याच ऑफिसात ज्युनियर होता असं वाटावं.

त्या नळानेच त्यांची झोप उडवली. सलाइनची नळी भिंतीत बसवली, गच्चीवर टाकी चढवली. हजार लिटरची टाकी या मापात जेमतेम पावणेसहाशे मिलिलिटरची होते, तेही जमलं. पण थेंब काही केल्या लहान होईना. घर बारा पट आटलं तरी पाणी आटत नाही. त्या मोरीत कोणी आंघोळीला बसलाच, तर डोक्यावर लिंबाएवढा एकेक थेंब पडेल.

कापडाचं तसंच. वहिनींच्या साडीच्या काठाचा पडदा केला, तर तो पाटीसारखा ताठ उभा राहिला. शेवटी फेविकॉलच्या पाण्यात भिजवून, टाचण्या मारून चुण्या पाडाव्या लागल्या. सगळ्यात जिवाला लागलं ते लाकूड. विदर्भातल्या माणसाचं दार सागाचं, तेही अस्सल सीपी टीकचं असायला हवं. चंद्रपूरहून तुकडा आणला, पण सागाच्या रेषा त्या इवल्या दारावर इतक्या ढोबळ दिसल्या, की हळदूचं बारीक विणीचं लाकूड रंगवून साग म्हणून लावावं लागलं. ही गोष्ट ते पाहुण्यांना सांगत नाहीत. वहिनी सांगतात.

वहिनींचं एकूणच या बांधकामाबद्दल मत आहे. "आमच्या रुखवतात मी तुळशीवृंदावन केलं होतं, जातं केलं, पाळणासुद्धा हालत होता. तेव्हा यांची आत्या म्हणाली, पोरगी हाताची बरी आहे. बस. आता हे करून राहिले तर मिनिएचर आर्ट!" भाऊसाहेब यावर भिंग पुसतात. पुण्याच्या विलास करंदीकरांनी भातुकलीचा केवढा संग्रह जमवला, त्याची प्रदर्शनं भरवली, असं कोणी सांगितलं तर मात्र लगेच म्हणतात, "भांडी आहेत हो ती. घर कुठाय?"

खरं तर घर पूर्ण होतं ते कूलरने. नागपुरात देव्हारा एक वेळ नंतर बसवला तरी चालतो. पावडरच्या डब्याचा पत्रा कापून पेटी, खराब कॉम्प्युटरचा सगळ्यात बारका पंखा, तीन बाजूंना खऱ्या वाळ्याच्या ताट्या. एप्रिल लागला की मोठ्या कूलरच्या ताट्या बदलायला माणूस मिळत नाही, पण या कूलरच्या बदललेल्या असतात. तान्ह्या पोळ्याला गल्लीतली पोट्टी लाकडी बैल ओढत बोजारा मागायला आली, की भाऊसाहेब आधी पट्टी काढतात. "बैल चांगला आहे, पण तुझा हा एकास सोळा आहे रे." पोरगं हात पुढे करून उभंच.

एवढ्या घरात माणूस मात्र एकही नाही. बाहुली आली की पसारा येतो, असं त्यांचं म्हणणं. ओसरीवर झोपाळा आहे, ओट्यावर कुकर आहे, खुंटीला टोपी आहे. बसणारं कोणी नाही. यंदा मे महिन्यात पुण्याहून नात आली आणि दुपारी सगळे झोपलेले बघून तिने बार्बी त्या घरात राहायला पाठवली. साडेअकरा इंचांची बार्बी म्हणजे या घरात साडेअकरा फुटी बाई. डोकं स्वयंपाकघरात, पाय खिडकीतून बाहेर, आणि झोपाळ्याची कडी निसटलेली.

भाऊसाहेबांनी आवाज चढवला नाही. पट्टी घेऊन नातीला माप समजावून सांगितलं. ही इथे मावत नाही, हे तिला पटलं.

"मग गच्चीवर झोपू दे ना, आबा. गरम किती होतंय तिला."

नागपुरात मे महिन्यात याला उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेब बारा फुटी बाज विणायला बसले, आणि नवारीसाठी नाडी वहिनींच्या पेटीतून गेली.