चौदा वर्षांखालचे मामा

मामांना हॉकीतलं काहीही विचारा, फक्त आज कोण जिंकलं ते विचारू नका. ते त्यांनी बघितलेलंच नसतं.

डिसेंबर-जानेवारीत, गुरु गोबिंदसिंघजींच्या जयंतीच्या सुमाराला, नांदेडच्या खालसा हायस्कूलच्या मैदानावर गोल्ड अँड सिल्व्हर कपची अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरते. लष्कराचे, रेल्वेचे, पोलिसांचे तगडे संघ येतात. मामा पहिल्या सामन्यापासून हजर असतात, पण त्यांची खुर्ची गोलपोस्टच्या मागं आणि तोंड भलतीकडं. बाहेर गेलेला बॉल आणून द्यायला तिथं शाळेतली पोरं उभी केलेली असतात. इकडं रेल्वेचा फॉरवर्ड तिघांना चकवून डीमध्ये शिरलेला, लोक उठून उभे राहिलेले, आणि मामा शेजाऱ्याचा दंड धरून म्हणतात, “ते निळ्या टोपीचं लेकरू बघा. बॉल हातानं उचलत नाही, स्टिकनं ओढून आणायलंय. मनगट बघा, मनगट!” गोल होतो. मामांना तो टाळ्यांवरून कळतो.

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला हा माणूस, अंगात हाफ स्वेटर, काखेत लांबट खतावणी वही. या वहीत नांदेड-लातूरकडच्या हॉकीचं भविष्य आहे. एकदा त्यांनी मला तिचं एक पान दाखवलं. “लेफ्ट हाफ. अर्धापूर. पायात वारं. बाप उंच, म्हणजे हाही वाढणार. डोकं वर ठेवून खेळतो. आजी रोज दूध देते. आई नीटचं म्हणते.” शेवटच्या वाक्याखाली, म्हणजे मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेखाली, लाल रेघ होती.

कॅनडा-अमेरिकेत बर्फावरची हॉकी खेळतात. तिथले व्यावसायिक संघ अठरा वर्षांची पोरं निवडून ठेवतात, खालच्या लीगमध्ये पाठवून मुरवतात आणि त्यांच्यावर नजर ठेवायला पगारी माणसं नेमतात. हे मामांना कुणीतरी सांगितलं. मामा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “पगार? आणि अठराव्या वर्षी? अठराव्या वर्षी कुणालाबी कळतंय की!”

मामांची हद्द चौदा वर्षांखाली. शालेय स्पर्धांचे गट तीन, 14, 17 आणि 19 वर्षांखालील. जिल्हा जिंकला की विभाग, विभाग जिंकला की राज्य. पुढं बालेवाडीची क्रीडा प्रबोधिनी, सब-ज्युनिअर, ज्युनिअर आणि सगळं जमलंच तर बंगळूरच्या भारतीय शिबिराचा रस्ता. यातलं जिल्हा आणि विभाग एवढंच मामांचं राज्य. चौदा वर्षांखालच्या गटात एखादा गोलकीपर मिसरूड फुटलेला निघतो. मामा त्याची जन्मतारीख विचारतात. उत्तर ठरलेलं असतं, 1 जून. मराठवाड्यातल्या निम्म्या जनतेला हेडमास्तरांनी त्याच दिवशी जन्माला घातलेलं असल्यामुळं मामा वाद घालत नाहीत. वहीत फक्त लिहितात, “दाढी आहे.”

नांदेडचा संघ लातूर विभागात खेळतो. त्यामुळं विभागीय स्पर्धा लातूरला असली की मामा पहाटेची एसटी धरतात. लोहा, अहमदपूर, चाकूर असं करत गाडी जाते. मांडीवर धपाट्यांचा डबा, डब्यावर वही. एकदा कंडक्टरनं विचारलं, “मामा, सारखं सारखं लातूरला कुणाकडं जायलाव?”

“एका लेकराला बघायला.”

“अरे वा! स्थळ आलंय म्हणा की.”

“हां. राइट इन आहे.”

कंडक्टरनं तिकीट फाडून दिलं आणि बराच वेळ तो विचारात पडलेला दिसला.

त्याचंही फारसं चुकलं नव्हतं. मामा पोराला अगदी वधूपरीक्षेसारखं बघतात. आधी चालून दाखव, मग पळून दाखव, पाय बघू, दात बघू. घरी कोण कोण असतं, वडील काय करतात, मोठा भाऊ कोणता खेळ खेळतो. मग हळूच बॉल पुढं ढकलतात आणि तो स्टिकवर थांबतो की उडतो ते बघतात. मातीच्या मैदानावर वाढलेल्या पोराला बॉल कुठून कसा उसळेल याची सवय असते. टर्फवर तो सरळ आणि सुसाट येतो, तेव्हा तेच पोरगं बावचळतं. मामांचं म्हणणं उलटं. “ढेकळात बॉल थांबवणाऱ्याला टर्फ म्हणजे आराम आहे. फक्त एक मौसम द्या त्याला.” तो एक मौसम कोण देणार, हा मामांच्या वहीतला कायमचा रिकामा रकाना.

लातूरला मामांचे दोन मुक्काम. सकाळी मैदान, संध्याकाळी ट्यूशन एरिया. कारण वहीतली अर्धी नावं दहावीनंतर तिथंच, नीटच्या क्लासला, सापडतात. पाठीवर पिशव्या घेऊन मेसकडं निघालेल्या घोळक्यात मामा अचूक हाका मारतात. “ए सेंटर हाफ! किती पडायलेत मॉक टेस्टला?” सेंटर हाफ लाजून पाचशेच्या आसपासचा आकडा सांगतो. “पेनल्टी कॉर्नर मारायलास का कधी?” सेंटर हाफ आणखी लाजतो. चहाच्या टपरीवर मामांनी मला हिशेब सांगितला. “गोलकीपर बायोलॉजीत, दोन्ही बॅक फिजिक्सच्या क्लासला. हा क्लासेसचा लातूर पॅटर्न नसता ना, तर लातूरची टीम कुणाला ऐकली नसती.”

मामांना हिणवायला लोक विचारतात, इतकी वर्षं पोरं बघताव, पोचलं कोण? मग मामा 2016 ची लखनौची ज्युनिअर विश्वचषक स्पर्धा काढतात. भारतानं अंतिम सामन्यात बेल्जियमला 2-1 हरवलं, हरजीत सिंग कप्तान होता. पाच वर्षांनी टोकियोत भारतानं ऑलिंपिक ब्राँझ जिंकलं, तेव्हा तो कप्तान संघात नव्हता. आणि त्याच लखनौच्या संघातला सिमरनजीत सिंग टोकियोच्या मूळ सोळात नव्हता, राखीव म्हणून गेला आणि जर्मनीविरुद्धच्या 5-4 च्या सामन्यात दोन गोल मारून बसला. “सांगा आता, कुणाचं नाव खोडू?” म्हणून मामा कुणाचंच खोडत नाहीत. एवढ्यानंही समोरचा बधला नाही, तर वैष्णवी फाळके निघते. फलटण तालुक्यातल्या आसू गावची पोरगी, प्रबोधिनीतून भारतीय संघात, 2023 च्या हांगझोऊ एशियाडमध्ये ब्राँझ. “आसूत होतंय, मग अर्धापुरात कामून होत नाही?” यावर उत्तर नसतं, निदान मामा थांबतील असं तरी नसतं.

मामींचं मत वेगळं आहे. “सगळ्या जिल्ह्याच्या लेकरांच्या जन्मतारखा पाठ आहेत यांना. आपल्या लेकराची विचारा.” मामा ठामपणे तारीख सांगतात. ती लोह्याच्या एका राइट आउटची असते.

खरी गंमत पुढंच आहे. वहीतला एक पोरगा खरोखर पोचला, रेल्वेत लागला आणि खात्याच्या संघात आला. आम्हाला वाटलं, मामा पेढे वाटतील. त्यांनी त्याच्या नावापुढं “लागला” असं लिहिलं आणि पान उलटलं. त्याच्या सामन्याला येता का विचारलं, तर म्हणाले, “आता त्याला काय बघायचं? ते सगळ्यांनाच दिसायलंय.” उलट जो पोलीस भरतीत गेला, जो औषधाच्या कंपनीचा प्रतिनिधी झाला, जो मोंढ्यात अडतीवर बसतो, त्यांच्या नोंदी अजून चालूच असतात. लग्नाला गेले तर अक्षता टाकताना नवरदेवाच्या गुडघ्याकडं बघतात. “लिगामेंट कसं आहे?” हे त्यांचे शुभाशीर्वाद.

गेल्या मौसमात त्यांचा एक जुना लेफ्ट इन सहा वर्षांच्या पोराला घेऊन मैदानावर आला. आता तो डॉक्टर आहे. मामांनी पोराच्या हातात स्टिक दिली. त्यानं ती डावखुऱ्यासारखी धरली. मामांनी ती उजव्या पद्धतीनं धरायला लावली, कारण डावखुऱ्यांसाठी हॉकीत वेगळी स्टिकच नसते. मग वहीचं नवं पान उघडलं. डॉक्टर घाईघाईनं म्हणाला, “मामा, एवढं लिहू नका हो. याला पण डॉक्टर करायचंय.”

“कर की,” मामा नाव लिहीत म्हणाले, “कोण नको म्हणायलंय? चौदापर्यंत माझ्याकडं राहू दे, मग ने लातूरला.”